घरच्या हॉलमध्ये कमावलेला पट्टा

अक्का, परीक्षा झाली. आज सकाळी आठ ते सव्वादहा, आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर. माझं उजवं कोपर सुजलंय, आंघोळसुद्धा केलेली नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय दुसरं काही सुचेना, म्हणून शाळेची वही पुढे ओढून बसले आहे. तुम्ही जाऊन आज एकवीस दिवस झाले. एवढे दिवस मी गप्पच होते. आज गप्प बसवत नाही.

तुम्ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेल्यावर तुम्ही एका साडीच्या गोडाउनमध्ये वीस वर्षं उभ्याने घड्या घातल्या आणि गुडघे बोलायला लागल्यावर आमच्याकडे या गुजराती मुलखात, उधन्याला राहायला आलात. बारा वर्षं आपण एका घरात काढली. त्यातली पहिली सात आपण एकमेकींना सांभाळून राहिलो, म्हणजे खरं तर लांबून. तुम्ही अहिराणीत बोलायच्या, मी संगमनेरची, अर्धं कळायचं नाही. चहा किती उकळावा यावरूनही आपलं जमायचं नाही. पुढची पाच वर्षं मात्र मी रोज दुपारी चार वाजता तुमच्यासमोर मुठी आवळून उभी राहिले. भाऊ-भावजय, नणंदा, जावा सगळ्यांच्या घरी असतात. अशी पाच वर्षं कुणाच्या वाट्याला आली असतील?

सुरुवात माझ्या लेकीमुळे, गौरीमुळे झाली. लॉकडाऊनमध्ये पोरगी घरात चिडचिडी झाली म्हणून तिचं नाव आपण नाशिकच्या एका सरांच्या कराटेच्या वर्गात घातलं. सर व्हिडिओ पाठवायचे, घरी सराव करायचा, पंधरा दिवसांनी आपला व्हिडिओ त्यांना पाठवायचा आणि पट्ट्याची परीक्षा व्हिडिओ कॉलवर समोरासमोर. गौरी तिसऱ्या महिन्यात कंटाळली. एका दुपारी सरांचा व्हिडिओ कॉल यायच्या वेळी तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन झोपली. मी कॅमेरा बंद ठेवून तिच्या जागी उभी राहिले. लहानपणी आमच्या गावात मुलांसाठी कराटे होतं, मुलींसाठी नव्हतं, आणि मी कुंपणाबाहेरून बघायचे. ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सर म्हणाले, गौरी, कॅमेरा चालू कर. मी केला. पलीकडून सरांना एक्केचाळीस वर्षांची, गाऊन घातलेली बाई दिसली. ते एवढंच म्हणाले, "नाव काय लिहू?"

तुम्ही तेव्हा फक्त फोन धरायला आलात, तेही कुरकुरत. हे काय उड्या मारणं, खालचे लोक काय म्हणतील, सगळं ऐकवलंत. पण फोन धरता धरता तुम्ही माझ्या चुका काढायला लागलात. मागचा पाय वाकडा पडतोय, खांदा वर जातोय, आधीच्या वेळी चौथी फरशी गाठली होती, आज तिसरीवरच थांबलीस. वीस वर्षं साडीची घडी एका बोटानेही चुकू न देणारी तुमची नजर. एकदा परीक्षेच्या आधी सर बघत असताना तुम्ही मागून बोललात आणि सरांनी विचारलं, कोण बोललं ते. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, त्यांना जरा समोर येऊ द्या.

तुम्ही पदर खोचून समोर आलात. सरांनी सांगितलं तशा उभ्या राहिलात, गुडघे वाकवून, पाठ सरळ. सरांनी तुमच्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही काय काम करत होता. तुम्ही सांगितलंत. मग तुम्हीच फोनमध्ये वाकून म्हणालात, "सर, माले बी शिकनं शे." वय सत्तावन्न. मला हसू आलं होतं, अक्का. ते तुम्ही पाहिलंत.

मग काय ती धमाल. हॉलमध्ये पाच पावलं मावायची आणि काता आठ पावलांचा. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, मध्ये थांबलं की तुटली. म्हणून आपण सहावं पाऊल स्वयंपाकघरात टाकायचो, फ्रिजपाशी वळायचो आणि ओट्याला पाठ देऊन शेवटचा ठोसा मारायचो. मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमच्या खटखटीत आपल्या आरोळ्या बुडून जायच्या. लूमला सुट्टी असायची त्या दिवशी मात्र अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जायचं. खालच्या मीनाबेन पहिल्यांदा वर आल्या तेव्हा त्यांना वाटलं, नणंद-भावजयीचं हातघाईवर आलं. त्यांनी दारातूनच विचारलं, "सुनीताबेन, उपर शुं चाले छे?" आणि तुम्ही घामाघूम, केसांना रुमाल बांधून त्यांना पेढा दिलात, कारण त्या दिवशी आपला पिवळा पट्टा झाला होता.

पट्टे कुरिअरने यायचे. तुमच्या भावाला, रमेशला, त्याचीच गंमत वाटायची. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये दिवसभर मशीनच्या मोटारी दुरुस्त करून यायचा आणि पार्सल बघून म्हणायचा, आला का कुरिअरचा पट्टा? कुरिअरवाल्याला पण एक द्यायला हवा, तीन जिने चढून येतो. मी हसायचे. तुम्ही कधी हसला नाहीत. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या. पट्ट्याबरोबर प्रमाणपत्र यायचं; तुमच्या नावाचा छापील कागद घरात आला तो पहिलाच. तो तुम्ही कपाटात ठेवला नाहीत, शोकेसच्या काचेला आतून लावलात. रमेश काही बोलला की बोट दाखवायच्या, "त्यावर मन्हं नाव शे."

हिरव्या पट्ट्याला लेखी पेपर आला. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते, सरांना चालेल. तुम्ही माझ्या हातातून पेन घेतलंत. दोन पानं लिहायला तुम्हाला अख्खी दुपार लागली, मधे एकदा रडकुंडीलाही आलात, पण मला जवळ फिरकू दिलं नाहीत. एक प्रश्न होता, लढतीआधी समोरच्याला वाकून नमस्कार का करायचा. मी त्यावर आदर, शिस्त, परंपरा असं अर्धं पान भरलं. तुम्ही एक ओळ लिहिलीत: समोरची आपल्यासाठी मार खायला उभी राहते म्हणून. सरांनी ती ओळ त्या आठवड्यात सगळ्या विद्यार्थ्यांना फोनवरून वाचून दाखवली. मी शिक्षिका आहे, अक्का. त्या दिवशी मला फार हेवा वाटला आणि फार अभिमानही वाटला. दोन्हींपैकी एकही तुमच्याजवळ बोलले नाही.

आणि मग कतारगामच्या कराटे वर्गाचं ते प्रकरण. हट्ट माझाच होता. निळा पट्टा झाला तरी मला आतून खात्री वाटत नव्हती. घरात, फोनसमोर, नणंदेबरोबर मिळवलेला पट्टा. खऱ्या वर्गात जाऊन बघू या, असं मी तुमच्यामागे महिनाभर लावून धरलं. शेवटी एका रविवारी आपण रिक्षाने तिथे गेलो. तिथले शिक्षक सभ्य माणूस. त्यांनी आपले पट्टे बघितले आणि नम्रपणे सांगितलं की घरी शिकलेल्यांना इथे पांढऱ्यापासून सुरुवात करावी लागते. मी गोरीमोरी झाले. तुम्ही पट्टा सोडलात, नीट घडी केलीत, पिशवीत ठेवलात आणि पांढरा मागितलात. सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत तासभर उभ्या होतात. एक छोटी मुलगी तुम्हाला दादी म्हणून पाय कसा ठेवायचा ते शिकवत होती आणि तुम्ही मन लावून शिकत होता.

तासाच्या शेवटी त्यांनी मला कॉलेजमधल्या एका मुलीबरोबर लढायला उभं केलं. माझी सगळी हालचाल पाठ होती. पण तिचा हात खरोखर माझ्याकडे आला आणि मी गोठले. ठोसा पोटात बसला. जोराचा नव्हता, तरी मी मटकन खाली बसले.

रिक्षात मी रडायला लागले. म्हटलं, बघितलंत ना, आपलं सगळं खोटं आहे, नाटक आहे. रिक्षा उधना दरवाजाच्या चौकात आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पट्टा खोटा नही शे, सुनीता. आपन एकमेकीसले कधी खरं मारंच नही."

दुसऱ्या दिवसापासून आपण खरं मारायला लागलो. सरांनाही तुम्हीच फोन करून ते सांगितलंत आणि सरांनी डोक्याला, छातीला काय बांधायचं, कुठे मारायचं नाही, सगळं समजावलं. पहिला आठवडा माझे दंड निळे होते. शाळेत बाकीच्या बाई विचारायच्या, घरी काही त्रास आहे का. मी सांगायचे, नणंद मारते, आणि त्या इतक्या गंभीर व्हायच्या की मला पुढचं सगळं घाईघाईने समजावावं लागायचं. त्या वर्षात तुम्ही माझ्यापेक्षा झपाट्याने पुढे गेलात. सराव दोघींचा सारखाच, तरी तुमचा हात माझ्या आधी पोचायचा. मला ते कोडंच होतं. तपकिरी पट्टा तुम्हाला माझ्या तीन महिने आधी मिळाला.

आता ते सांगते जे सांगायला मला जमत नव्हतं.

काळ्या पट्ट्याची तारीख ठरली. सर आणि आणखी दोन परीक्षक फोनवर बघणार, तीन बाजूंनी चित्रण हवं, बारा हल्ले होणार आणि कोणता हल्ला कधी येईल ते आधी सांगायचं नाही. दोघींची परीक्षा एकाच दिवशी. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दुपारी मी सरावाच्या मध्येच म्हटलं, अक्का, तारीख पुढे ढकलू या, मी तयार नाही. तुम्ही म्हणालात, तू तयार आहेस. मी ऐकलं नाही. बोलण्याच्या भरात बोलून गेले की घरात बसून मिळवलेला काळा पट्टा कमरेला बांधायची मला लाज वाटते.

तुम्ही हातातलं ठोसे झेलायचं पॅड खाली ठेवलंत. "मंग इतला वरीस तू मन्हासंगे काय करी राह्यनी व्हती?"

मी वळून स्वयंपाकघरात गेले. रात्री जेवताना तो विषय निघाला नाही. सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा तुम्ही मेथी निवडायला घेत होता. मी चप्पल घालताना एकदा वळून बघितलं. वाटलं होतं, चार वाजता बोलू. साडेदहाला गौरीचा फोन आला. मेथीची जुडी तशीच मांडीवर होती म्हणे, तुम्ही भिंतीला टेकलेल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

अमळनेरहून नातेवाईक आले. सुतकाच्या दिवसांत एक-दोघींनी माझ्या देखत म्हटलं, या वयात उड्या मारायला लावल्या, दुसरं काय होणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की सरावाचा याच्याशी संबंध नाही, व्यायाम होता म्हणून एवढी वर्षं ठणठणीत राहिल्या. पण माझं मन डॉक्टरांचं ऐकत नव्हतं. तेराव्यानंतर मी सरांना कळवायला बसले की मी परीक्षा देत नाही. रमेश समोरच होता, डोक्याचे केस काढलेले, दाढी वाढलेली. त्याने विचारलं काय लिहितेस. सांगितलं. तो म्हणाला, "ती अक्काची तारीख आहे. रद्द करू नकोस."

मी म्हटलं, समोर हल्ला करायला माणूस लागतो, तो मी आता कुठून आणू.

अक्का, तुमच्या भावाने तेव्हा खाली बघून जे सांगितलं त्याने मी उडालेच. तो म्हणाला, "तू शाळेत जायचीस तेव्हा अक्कासाठी पॅड कोण धरत होतं?"

सेकंड शिफ्ट असली की सकाळचा तो घरीच असायचा. त्या कतारगामच्या रविवारनंतर तुम्ही त्याला उभं केलंत, दीड वर्ष. मला सांगायचं नाही म्हणून बजावलंत. कुरिअरच्या पट्ट्याची थट्टा करणारा माणूस सकाळी नऊ वाजता हॉलमध्ये तुमचा मार खात होता आणि रात्री कामावरून आल्यावर माझ्यासमोर साळसूदपणे पेपर वाचत होता. बाराच्या बारा हल्ले त्याला पाठ. तुमचा हात माझ्या आधी का पोचायचा, ते मला त्या दिवशी कळलं. मी तेरा दिवसांत पहिल्यांदा हसले, हसता हसता रडले, आणि त्याच दुपारी चार वाजता आम्ही दिवाण भिंतीला सरकवला.

आजची सकाळ तुम्ही बघायला हवी होती. गच्ची झाडून घेतली होती. गौरी एक फोन धरून, तिची मैत्रीण दुसरा, तिसरा पाण्याच्या टाकीवर विटेला टेकवलेला. ऊन चढायला लागल्यावर मीनाबेन छत्री घेऊन गौरीच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या, न सांगता. बाजूच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका काम सोडून कठड्याशी आल्या. आणि पहिल्यांदाच मला काता करताना आठ पावलं सरळ मिळाली. आठ. फ्रिज नाही, ओटा नाही, वळायला हवी तेवढी जागा. पहिल्या पावलाला मी बिचकले, मग असं काही मोकळं वाटलं की सांगता येत नाही. शेवटच्या आरोळीला टाकीवरची कबुतरं उडाली.

मग हल्ले. रमेश बनियन आणि ट्रॅकपँटमध्ये, डोक्यावर नुकते उगवलेले खुंट. परीक्षकांनी विचारलं हे कोण. सरांनी सांगितलं, अक्कांचे भाऊ. पहिला हल्ला त्याने इतका हळू केला की परीक्षक म्हणाले, असं चालणार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानंतर त्याने हात राखला नाही. मनगट धरलं, मागून मिठी घातली, गळा धरला, एक ठोसा माझ्या खांद्यावर पुरा बसला. मी गोठले नाही, अक्का. एकदाही नाही. बाराव्या हल्ल्याला मी त्याला खांद्यावरून खाली अंथरलेल्या गादीवर आपटलं तेव्हा पलीकडच्या गच्चीवरच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. परीक्षकांनी काळजीने विचारलं, लागलं का. रमेश गादीवर पडल्या पडल्याच म्हणाला, "नाही सर. अक्का याहून जोरात आपटायची."

मीनाबेनच्या हातातली छत्री जराशी खाली आली.

मी पास झाले. सरांनी तिथल्या तिथे सांगितलं. गौरी ओरडली, मीनाबेननी मला मिठी मारली, रमेशने कंबर चोळत विचारलं की नाशिकहून पार्सल यायला किती दिवस लागतात. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

सगळे खाली गेल्यावर मी सरांना परत फोन लावला. एक गोष्ट मागायची होती. म्हटलं, सर, पट्टे दोन पाठवा. अक्कांचा पण. त्यांच्या फोटोपाशी ठेवीन. सर म्हणाले, ते त्यांना करता येणार नाही. मी म्हटलं, त्या तयार होत्या, तुम्हाला माहीत आहे, माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. सर म्हणाले, "माहीत आहे, ताई. पण त्यांनी ही परीक्षा दिलेली नाही. तपकिरी त्यांनी कमावला, तो त्यांचा आहे. न दिलेल्या परीक्षेचा पट्टा मी कुणालाच देत नाही, त्यांना तर नाहीच." मी पुन्हा विनवलं, तरी ते नाहीच म्हणाले.

मी फोन ठेवला आणि रागाने जिना उतरायला लागले. मनात म्हटलं, काय जातंय यांचं, एक पट्टा तर आहे, घालायचा पाकिटात आणि पाठवायचा. आणि तिथेच पायरीवर मी थांबले. पाच वर्षं मला हीच शंका होती ना, की हे नुसतं पाकिटात घालून पाठवायचं काम आहे? तसं असतं तर आज तुमचा काळा पट्टा नक्की आला असता. गेलेल्या माणसासाठी, रडणाऱ्या बाईसाठी कुणीही पाठवला असता. माझ्या सरांनी पाठवला नाही.

मी पायरीवर बसले आणि तुम्हाला मोठ्याने म्हटलं की त्या दिवशीचं माझं वाक्य मी परत घेते. लाज वाटते म्हणाले होते, नाही वाटत. पट्टा आला की बांधणार आहे आणि शाळेत बाई विचारतील तेव्हा सांगणार आहे की घरच्या हॉलमध्ये मिळवला, नणंदेच्या हातचा मार खाऊन. आपलं ते भांडण अर्धं राहिलं होतं. ते तुम्ही जिंकलात, अक्का. तुमचा पट्टा तपकिरीच राहणार.